गुरुवारची पट्टी

ढुंढिराजशास्त्री मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते समाधी लावून बसले आहेत असं मला वाटलं. या गैरसमजात मी एकटा नव्हतो.

नागपूरहून बँकेने माझी बदली काशीला केली होती. दुर्गाघाटावर भाड्याची जागा पाहायला निघालो आणि गल्ल्यांनी मला व्यवस्थित फिरवून पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर आणून सोडलं. तिथे वेताच्या मोठ्या छत्रीखाली चौकीवर एक गृहस्थ बसले होते. उघडं अंग, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्म. चेहरा मराठी दिसला म्हणून मी मराठीतच दुर्गाघाटाचा रस्ता विचारला. त्यांनी हनुवटी हळूहळू आकाशाकडे नेली, डोळे मिटले, उजवा पंजा उचलून मला थोपवलं आणि नाभीतून एक गंभीर हुंकार काढला.

मी हात जोडले. माझ्या मागून चाललेल्या सोलापूरकडच्या यात्रेकरूंनी ते पाहिलं आणि तेही हात जोडून उभे राहिले. त्यांना पाहून एक बंगाली कुटुंब थांबलं. कोणीतरी झेंडूची माळ वाहिली. एका नावाड्याने वल्ही थांबवली, त्याच्यावर दुसरी नाव आदळली, आणि कॅमेरा गळ्यात घातलेली एक परदेशी बाई डोळे पुसू लागली. एक बकरी पायऱ्या उतरता उतरता थबकली. अख्खी काशी त्या हनुवटीकडे डोळे लावून होती. शेवटी योगिराज उठले, बाजूला गेले, आणि त्यांच्या मुखातून एक लाल धार निघाली. ती तीन पायऱ्या आणि एक झोपलेलं कुत्रं ओलांडून थेट ‘थूकना मना है’ या पाटीच्या मधोमध जाऊन बसली.

“दुर्गाघाट मागे राहिला,” ते म्हणाले. “जागा पाहायची असेल तर आमच्याच वरच्या मजल्यावर आहे.”

अशा रीतीने मी आणि माझी पत्नी मालविका शास्त्र्यांचे भाडेकरू झालो.

शास्त्र्यांच्या पूर्वजांना कुठल्याशा मराठा सरदाराने घाटावर आणून बसवलं होतं, तेव्हापासून चौकी घराण्यात चालत आलेली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना संकल्प सांगायचे, पिंड मांडून द्यायचे, गंगा दाखवायची, जणू ती एरवी दिसली नसती. शास्त्र्यांचे उच्चार इतके स्वच्छ की ऐकणाऱ्याने संस्कृत येत नसतानाही दक्षिणा वाढवावी. पण मंत्र संपला की गालात पान जायचं, आणि पान गेलं की शास्त्री पुढचा मंत्र येईपर्यंत मुके. त्या पानातला जर्दा गल्लीच्या तोंडाशी असलेला विश्वेश्वर पानवाला खास त्यांच्यासाठी वेगळा ठेवायचा. घरात गहू संपल्याचं शास्त्र्यांना कधी कळलं नाही, जर्दा संपल्याचं मात्र स्वप्नात कळायचं. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांनी जर्दा सोडायला सांगितलं होतं. शास्त्री डॉक्टरांचं मान देऊन ऐकत आणि परत येताना विश्वेश्वराकडे थांबत.

घरात त्यांच्या पत्नी सीताकाकू, मुलगा देवव्रत, सून सुरुची आणि नात कस्तुरी. देवव्रत रेल्वेत, सिग्नल खात्यात. धोका त्याला फार लांबून दिसे, आणि दिसला की तो जागच्या जागी थांबून राही. सुरुची इंदूरची. इथल्या एका इंटर कॉलेजात विज्ञान शिकवायची आणि नोकरीत कायम होण्याची वाट पाहत होती. कस्तुरीच्या वेळी तिचे फार हाल झाले होते, जिवावर बेतलं होतं. एवढ्यात दुसरं मूल तिला नको होतं. निदान नोकरी पक्की होईपर्यंत आणि अंगात पुन्हा बळ येईपर्यंत तरी नाही. देवव्रतालाही हे पटलं होतं. पण ते त्याने फक्त सुरुचीला सांगितलं होतं.

सीताकाकूंना नातू हवा होता. काकू वाईट नव्हत्या, त्यांना फक्त चौकीची काळजी. देवव्रत रेल्वेत गेला, आता छत्रीखाली कोण बसणार? कस्तुरी बसू शकत नाही, हे काकूंच्या मते गंगेनेच ठरवलेलं होतं. म्हणून सोमवारी उपास, चतुर्थीला उपास, आणि येणाऱ्या प्रत्येक यजमानिणीकडून सुनेची ओटी. सुरुचीच्या ओटीत इतके नारळ पडले की आमच्याही घरी आठवड्यातून दोनदा सोलकढी होऊ लागली.

अशा घरात गोळ्या लपवणं शक्य नव्हतं. काकूंचा हात रोज प्रत्येक फडताळावरून फिरे. तेव्हा कॅनडातली नणंद अंतरा मदतीला आली. सुट्टीत आली तेव्हा तिने तिथल्या पट्ट्या आणल्या. कातडीच्या रंगाचा, काड्यापेटीएवढा चौकोनी तुकडा. अंगावर चिकटवायचा, आठवड्याने बदलायचा, तीन आठवडे लावायचा, चौथा मोकळा सोडायचा. पट्टीतलं औषध कातडीतून आत जातं आणि दिवस राहत नाहीत. सुरुचीने इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. सामान हलकं करायला अंतराने खोकी आधीच फेकली होती, उरली होती नुसती चंदेरी पाकिटं. सुरुची पट्टी पाठीवर, खांद्याच्या खाली लावायची. आंघोळीने ती निघत नसे, घामाने निघत नसे. फक्त तेलाचं तिच्याशी वाकडं.

आणि दिवाळी आली.

नरकचतुर्दशीला पहाटे सुनेच्या पाठीला तेल सासूने लावायचं, ही या घरातली जुनी रीत. बनारसमध्ये राहून सून मराठी राहिली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. सुरुचीने सर्दीचं निमित्त केलं. काकूंनी तेल कोमट केलं. सुरुची पाटावर बसली, काकूंनी ओंजळभर तेल पाठीवर ओतलं, दोन्ही हातांनी चोळलं, आणि पट्टी सुटून त्यांच्या तळव्याला चिकटली.

काकूंनी ती दिव्यासमोर धरली. हे काय, असं विचारलं.

सुरुची विज्ञान शिकवत असली तरी खोटं बोलायला शिकली नव्हती. पण काशीत राहून एक गोष्ट तिला कळली होती: या शहरात जर्दा हे व्यसन मानत नाहीत. तिने खाली मान घालून सांगितलं की तिला जर्द्याची सवय लागली होती, चोरून खात होती, आता सोडायची आहे, आणि ही त्यासाठीची पट्टी, अंतराताईंनी आणलेली.

दुसऱ्या कुठल्या घरात सासूने कपाळ बडवून घेतलं असतं. काकूंचे डोळे भरून आले.

“सुटला का पण?” त्यांनी विचारलं.

सुरुची म्हणाली, हो, बराचसा.

“मग ह्यांनाही लाव.”

सुरुचीला खोटेपणाचं हे फळ अपेक्षित नव्हतं. तिने औषधाच्या दुकानातली साधी चिकटपट्टी चौकोनी कापून सासऱ्यांना दिली. पण शास्त्री वेदाची शाखा शिकलेले, अक्षर पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत. त्यांनी सुनेची तेलात निघालेली पट्टी मागवून घेतली, दोन्ही उजेडात धरल्या आणि निकाल दिला की सुनेच्या पट्टीवर काही कोरलेलं आहे, ह्या पट्टीवर काहीच नाही, आणि बिनअक्षराची वस्तू गुण देणार नाही. वर सीताकाकूंना ऐकवलं की बहू चांगल्या स्वतःसाठी ठेवते आणि सासऱ्याला रद्दी देते.

त्या दिवशी काकूंनी सगळी पाकिटं ताब्यात घेतली आणि देवघरात, गंगेच्या गडव्याशेजारी ठेवली.

सुरुचीने देवव्रताला सांगितलं, बाबांना कसंही करून थांबवा. देवव्रताने योग्य वेळ पाहून सांगतो म्हटलं. सिग्नल लाल राहिला.

इथून पुढे त्या घरात जे चाललं तसं जगात दुसरीकडे कुठे चाललं असेल असं मला वाटत नाही. दर गुरुवारी पूजा झाली की सीताकाकू दोन पाकिटं काढत. एक पट्टी शास्त्र्यांना, एक सुनेला. दंड ओल्या फडक्याने पुसून कोरडा करत, पट्टी ठेवून तळव्याने दाबून धरत आणि तोवर मनात देवीचं नाव घेत. तेलाचा थेंब जवळ येऊ देत नसत. नातवासाठी सोमवारी उपाशी राहणारी बाई गुरुवारी स्वतःच्या हाताने सुनेला पट्टी लावत होती, आणि ती वेळच्या वेळी लागते की नाही यावर कुठल्याही सरकारी दवाखान्याने ठेवली नसती अशी नजर ठेवत होती. सुरुची सांगते, तिला एकदाही विसर पडला नाही, कारण पडूच दिला गेला नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. शास्त्र्यांचा जर्दा सुटला.

पहिला आठवडा ते घरात फेऱ्या मारत होते. दुसऱ्यात विश्वेश्वर पानवाला विचारपूस करायला घरी येऊन गेला. तिसऱ्यात ते मंत्रानंतर चक्क बोलू लागले. चौथा आठवडा पट्टीविना जायचा असं सुरुचीने सांगितलं होतं, तो त्यांनी व्रत म्हणून पाळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मतं लोकांना कळली, आणि मालविकेचं म्हणणं असं की पान होतं तेच बरं होतं. थंडीतही ते घाटावर उपरणं मुद्दाम एका बाजूला सारून बसत, दंडावरची पट्टी दिसावी म्हणून. यात्रेकरूंना गंगामाहात्म्य सांगून झालं की पट्टीमाहात्म्य सांगत. शेजारच्या चौकीवरचे नीलकंठ गुरुजी त्यांचे तीस वर्षांचे प्रतिस्पर्धी आणि घाटावरचं सर्वांत मोठं तोंड. त्यांनीही शेवटी पट्टी मागितली. शास्त्र्यांनी विजयी औदार्याने एक दिली, आणि मुहूर्त पाहून स्वतः लावली.

सुरुचीला झोप लागेना. पाकिटं दुप्पट वेगाने संपत होती. सासरे गृहस्थ चांगले, त्यांना भलतंच काही झालं तर? तिने अंतराला सगळं लिहून कळवायचं ठरवलं, लिहिलं, आणि पुसून टाकलं.

संक्रांतीला अंतराचा व्हिडिओ कॉल आला. सगळे फोनभोवती जमले होते. वरच्या मजल्यावरून आम्हालाही तिळगुळाला बोलावलं होतं. शास्त्र्यांनी लेकीला आशीर्वाद दिला, गाल आतून उघडून दाखवला, चट्टा फिका झाल्याचं सांगितलं, आणि मग दंड कॅमेऱ्यासमोर आणला. तू आणलेली, म्हणाले.

पडद्यावर अंतराचा चेहरा थिजला. आम्हाला वाटलं नेटवर्क गेलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ती वहिनीसाठी आहे. मूल होऊ नये म्हणून लावतात.”

कस्तुरी सोडून खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी तिळगुळाकडे पाहायचं सुचलं. देवव्रत तर लाडू मोजू लागला. सुरुची भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा असा होता की मी मान खाली घातली. आता काकू बोलणार, आणि एकदा त्या बोलल्या की हे घर तिला राहण्यासारखं उरणार नाही, हे तिला दिसत होतं.

पण आधी शास्त्री बोलले. त्यांनी पट्टी दंडावरून सावकाश उपटली. ओठ पांढरे पडले होते.

“नीलकंठाला काय सांगू?”

तेवढ्या एका वाक्यात सुरुची वाचली. शास्त्र्यांना सगळा घाट डोळ्यांसमोर दिसला. छत्र्या, चौक्या, नावाडी, विश्वेश्वर, आणि मधोमध नीलकंठ गुरुजींचं तोंड. हे बाहेर गेलं तर पुढच्या सात पिढ्या या घराण्याला पट्टीवाले शास्त्री म्हणतील. त्यांनी फोन बंद केला आणि सीताकाकूंकडे वळले.

“आजपासून या घरात नातवाचा विषय नको. तो निघाला की पट्टीचाही निघेल.”

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने सुरुचीही आत गेली. काकू देवघरासमोर उरलेली पाकिटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर लावली असती का, आई?”

काकूंनी खरंच विचार केला. “नसती,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शास्त्र्यांना तपासलं, रक्तदाब पाहिला, काही बिघडलं नसल्याचं सांगितलं. पट्टीत जर्दा सोडवणारं काहीही नव्हतं, जर्दा तुमच्या निश्चयानेच सुटला, असंही म्हणाले. याचं शास्त्र्यांना फार वाईट वाटलं. निश्चयावर त्यांचा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. नीलकंठ गुरुजींना पट्टी परदेशात बंद झाली असं कळवण्यात आलं.

पुढच्या गुरुवारी पूजा झाल्यावर सीताकाकू एकच पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. सुरुची पोळ्या लाटत होती. काकूंनी फडकं ओलं केलं आणि म्हणाल्या, “हात पुढे कर. तेल नाही ना लागलं?”

फाल्गुनात पट्ट्या संपल्या. सुरुचीने सरकारी दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली, आणि शास्त्री पुन्हा जर्दा खातात.