विरोधात एक हात

चिंचमळ्याच्या नवसाबाई काकडला कुणी बसायला खुर्ची दिली, तरी ती आधी खुर्चीचे पाय हलवून बघायची. स्वभावच तसा. दिंडोरी रस्त्याला तिचा गुलाबाचा आणि शेवंतीचा मळा होता. नवरा गेल्यावर टोपल्या घेऊन ती स्वतः नाशिकच्या फुलबाजारात जाऊ लागली. 'मावशी, माझ्यावर भरवसा ठेवा' असं म्हणणाऱ्याकडे पाठ करायची नसते, हे ती तिथंच शिकली. मुलगा गोरक्ष सातपूरला कारखान्यात लागला, तेव्हा ती एकदा त्याला न सांगता गेटापर्यंत जाऊन आली. कारखाना खरंच आहे का, ते बघायला.

१९९७ साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. नवसाबाईचा दीर पुंजाराम हा गावातला जुन्या पक्षाचा माणूस. इतकी वर्षं पंचायत त्याच्याच पॅनेलकडे होती. तो सकाळीच मळ्यात आला.

"वयनी, यंदा तुम्ही उभं राहायचं."

"मी? का बरं?"

"बाई लागती."

"घरात तुमची बायको हाय की."

पुंजाराम हसला. "तिला गावात कोण ओळखतं? तुम्ही चार लोकांत वावरता. आन् करायचं काय हाय? बैठकीला बसायचं, सही करायची. बाकी मी हायेच."

'मी हायेच' ऐकून नवसाबाईच्या कपाळाला आठी पडली. पण ती नाही म्हणाली नाही. आपल्याला पुढं करून हा नेमकं काय करणार आहे, हे बाहेर राहून कधी कळलं नसतं.

"सही करीन," ती म्हणाली, "पण वाचून. चौथीपर्यंत शाळेत गेलेली हाय मी."

पुंजारामाला वाटलं, वहिनी गंमत करतेय.

नवसाबाई निवडून आली, सरपंच झाली. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्याच बैठकीला कमानीचा विषय आला. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर मोठी स्वागतकमान उभी करायची आणि तिला पक्षाच्या दिवंगत पुढाऱ्याचं नाव द्यायचं. खर्च आमदारनिधीतून होणार होता, पंचायतीनं नुसता ठराव करून द्यायचा होता. कागद तिच्यासमोर आला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला.

"कमान कशाला?" तिनं विचारलं.

"शोभा येती गावाला," एक सदस्य म्हणाला.

"पुढच्या वर्गाचं छप्पर गळतंय शाळेचं. ते करा म्हणावं आमदारांना."

"वयनी, तो निधी कमानीचा हाय. मार्चच्या आत वापरला नाय तर परत जाईल."

"मग जाऊ द्या की परत. ज्याचा हाय त्याच्याकडं जाईल."

निधी परत जाणं म्हणजे गावावर डाग, असंच आजवर सगळे मानत आले होते. पुंजाराम आवाज मऊ करून म्हणाला, "आपल्या खिशातून थोडंच जातंय? सरकारचा पैसा हाय."

"सरकारनं कुठं शेवंती लावली होती का, पैसा यायला?" नवसाबाई म्हणाली. "काडेपेटी घेतली तरी त्यात कर असतो म्हणतात. तो मी भरते, तुम्ही भरता. मग खिसा कुणाचा?"

तिनं सही केली नाही. निधी परत गेला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या गावात कमान उभी राहिली. चिंचमळ्याचे लोक बसमधून ती कमान बघायचे आणि हळहळायचे. पारावर बोलणं सुरू झालं, की बाईला विरोधकांनी गाठलं असणार. नाहीतर आलेला पैसा कोण परत पाठवतं?

वर्षभरात पुंजारामानं तिच्यावर अविश्वासाचा ठराव आणला. तिच्याच पॅनेलच्या माणसांनी हात वर केले आणि तिचं सरपंचपद गेलं. तिच्याखेरीज एकच हात खाली राहिला, तो विरोधी पॅनेलच्या यादव मास्तरांचा. मास्तर निवृत्त शिक्षक, बोलणं गोड आणि शुद्ध. बैठक सुटल्यावर ते तिच्याबरोबर पाटापर्यंत चालत आले.

"ताई, तुम्ही चुकीच्या घरात नांदलात," ते म्हणाले. "उधळपट्टी बंद करा, हे आमचा पक्ष किती वर्षं ओरडून सांगतोय. जनतेचा पैसा हा जनतेची ठेव आहे. तुमच्यासारख्या बाईची जागा आमच्याकडे आहे."

बोलणं तिच्या मनातलंच होतं, म्हणून तर तिला जास्त शंका आली. तीन-साडेतीन वर्षं तिनं मास्तरांना लांबूनच पारखलं. ते घरात एकच दिवा लावायचे, सायकलवरून फिरायचे, कुणाकडे फुकट चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मधल्या काळात पुंजारामाचा पक्ष राज्यात फुटला आणि तो एका रात्रीत नव्या झेंड्याखाली गेला. घरावरचा झेंडा बदलला, बाकी सगळं तेच. त्याची बायको म्हणाली, "हे कोणत्या पक्षाचे, मलाच धड कळंना झालंय." हे बघून २००२च्या निवडणुकीत नवसाबाई मास्तरांच्या पॅनेलमधून उभी राहिली.

त्या दिवसांत गोरक्ष पहिली पाळी करून घरी आला. जेवताना ताटाकडे बघतच म्हणाला, "आई, एक विचारू?"

"विचार."

"मास्तरांनी तुला काही दिलं का?"

नवसाबाईचा हात भाकरीवर थांबला. "कोण म्हणतं?"

"कंपनीत आपल्या गावची पोरं आहेत. ती म्हणतात. मी भांडलो त्यांच्याशी. पण मला तू सांग."

आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या हातावर नजर ठेवली होती. आज पोटचा पोरगा तिच्या हाताकडे बघत होता. ती रागावली नाही. "नाय दिलं," एवढंच म्हणाली. गोरक्षनं मान हलवली, पण त्याला पटलं की नाही, हे तिला कळलं नाही. ते तिनं त्याला कधी विचारलंही नाही.

मास्तरांचं पॅनेल आलं. मास्तर सरपंच झाले. पाच-सहा महिन्यांनी बैठकीत विषय निघाला: गावाच्या तोंडाशी स्वागतकमान. या वेळी खासदारनिधीतून, आणि नाव दुसऱ्या पक्षाच्या दुसऱ्या पुढाऱ्याचं.

नवसाबाईला आधी वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात, ठेव हाय म्हणून."

"ताई, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," मास्तर शांतपणे म्हणाले. "आता लोकांना काम दिसायला हवं. आणि हा निधी वापरला नाही तर परत जाईल."

पुंजारामही सदस्य म्हणून समोर बसला होता. त्याला मिशीतलं हसू आवरेना. मतदान झालं. विरोधात नवसाबाईचा एकच हात वर गेला. पुंजारामानंसुद्धा बाजूनं मत दिलं. त्याला कमान हवीच होती. ती उभी राहिली, गुलाबी रंगाची, वर सिमेंटचे दोन हत्ती. आपण हिच्याखालून जाणार नाही, असं नवसाबाईनं ठरवलं होतं, पण बस तिच्याखालूनच यायची. तेवढ्या वेळापुरती ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची.

त्यानंतर तिचा कशावरच विश्वास उरला नाही. दोन वर्षांनी सरकारची नळपाणी योजना आली, तीही तिला कमानीसारखीच दिसली. योजनेची अट अशी होती की खर्चाचा थोडा वाटा गावानं वर्गणी काढून भरायचा, तरच बाकीचं सरकार देणार. ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. मास्तरांनी नकाशा दाखवला. मागं कोपऱ्यात एक ठेकेदार पांढऱ्या सफारीत उभा होता. कमान त्यानंच बांधली होती. नवसाबाईनं त्याला बघितलं आणि ती उठली.

"तो मागचा माणूस इथं कशाला आलाय? काम अजून मंजूर नाय, आन् ठेकेदार आधीच हजर?" ती म्हणाली. "आधी वर्गणी, मग खड्डे, मग बिल. पाणी कधी? मी सांगते, ह्या टाकीतून हत्तीच निघतील."

लोक पोट धरून हसले. कमानीच्या बाबतीत बाईचं खरं ठरलं होतं, त्यामुळे तिचा शब्द चालला. वर्गणी द्यायची नाही असंच सभेत ठरलं आणि योजना शेजारच्या गावाला गेली. मास्तर सभा सोडून निघून गेले. नवसाबाई त्या दिवशी हलकी होऊन घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याबरोबर सगळ्या गावाचा हात वर गेला होता.

पुढचा उन्हाळा वाईट निघाला. माळावर मजुरांची वस्ती होती. तिथल्या बाया द्राक्षबागांत आणि फुलांच्या मळ्यात कामाला जायच्या. वस्तीचा हातपंप चैत्रातच कोरडा पडला. टँकर यायचा, कधी यायचा नाही. शेजारच्या गावात मात्र नळाला पाणी आलं होतं. वस्तीच्या बाया तिकडं हंडे घेऊन जायच्या आणि तिथल्या बायांची बोलणी खाऊन यायच्या.

नवसाबाईच्या मळ्यात चंद्रभागा नावाची बाई बरीच वर्षं फुलं तोडायला येत होती. एक दिवस ती उशिरा आली. पदर ओला, कोपर खरचटलेलं.

"काय झालं गं?"

"हंडा पडला. ढकलाढकलीत."

"एवढ्या लांब जायचं कशाला? टँकर येतोय ना आज?"

चंद्रभागानं टोपली खाली ठेवली. "बाई, तुमच्या मळ्यात विहीर हाय. तुम्हाला संशय परवडतो. आम्हाला नाय परवडत." ती ओरडली नाही, रडली नाही. "त्या ठेकेदारानं खाल्लंही असतं थोडं. पण नळ आला असता. शेजारच्या गावात आला की नाय?"

एवढं बोलून ती फुलं तोडायला गेली. नवसाबाई बांधावर बसून राहिली. तिला उत्तर देता आलं असतं. ठेकेदार चोर आहे, मास्तर दुटप्पी आहेत, हे सगळं खरंच होतं. पण सभेत उठली तेव्हा वस्तीचा हातपंप एकदाही तिच्या डोक्यात आला नव्हता, हेही खरं होतं. तिनं ठेकेदाराची सफारी बघितली होती, मागं उभ्या असलेल्या बाया नाही.

त्याच दिवशी तिनं विहिरीवरची मोटर वस्तीसाठी सुरू केली. शेवंतीचा अर्धा मळा त्या उन्हाळ्यात करपला. आणि पाऊस पडून गेल्यावर ती मास्तरांच्या दारात गेली.

"योजना परत आणायची," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "वर्गणी मी गोळा करते."

मास्तरांनी चष्मा काढला. "ताई, यात तुमचा डाव काय आहे?"

"डाव नाय."

मास्तरांचा विश्वास बसला नाही. गावाचाही बसला नाही. ती घरोघर फिरू लागली तेव्हा लोक दारातच अडवायचे. "तूच म्हणाली होतीस ना, हत्ती निघतील?" कुणी तर तोंडावर विचारलं, "आता ठेकेदारानं तुला किती कबूल केलंय?" पुंजाराम पारावर म्हणाला, "वयनी शेवटी लाईनीवर आल्या." त्यांच्या जागी ती स्वतः असती तर हेच बोलली असती, तरी त्या दारांत ती पुन्हा पुन्हा गेली. पहिली वर्गणी वस्तीनं दिली. मग लाजेखातर बाकीच्यांनी.

जिल्हा परिषदेत खेटे घालून घालून योजना पुन्हा मंजूर झाली. काम पुन्हा त्याच ठेकेदाराकडे गेलं, म्हणून नवसाबाईनं मळा चंद्रभागावर सोपवला आणि टाकीच्या कामावर छत्री घेऊन बसायला लागली. सिमेंटची गोणी फुटली की उठून बघायची, पाइप उतरले की मोजायची. ठेकेदार वैतागून म्हणायचा, "मावशी, भरवसा ठेवा हो थोडा." तिच्या हाती लबाडी कधीच लागली नाही. म्हणून तर तिचा संशय वाढतच गेला: एवढं सरळ काम हा माणूस करतोय, म्हणजे खातोय कुठं?

२००६च्या पावसाळ्यापूर्वी वस्तीवर नळ आला. पाणी आधी तांबडं आलं, मग निवळलं.

पुढच्या वर्षी निवडणूक लागली. पुंजाराम आणि मास्तर, दोघंही बोलावायला आले. ती कुणाकडेच गेली नाही. अपक्ष उभी राहिली आणि पडली, तीही मोठ्या फरकानं. तिच्या जागी मंजुषा नावाची मास्तरांची सून निवडून आली. रस्त्यावर दिवे लावू, समाजमंदिर बांधू, असं ती प्रचारात सांगत फिरली होती.

निकालानंतर दोन दिवसांनी चंद्रभागा नेहमीसारखी मळ्यात आली. दोघी गुलाबाच्या ओळीत समोरासमोर फुलं तोडत होत्या.

"बाई, मी तुम्हाला मत नाय दिलं," चंद्रभागा म्हणाली.

नवसाबाईनं मान वर केली. "का गं? वस्तीला पाणी आणलं की मी."

"आणलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाय. पण आता वस्तीत दिवे पाहिजेत. तुम्ही असता तर आधी खांबाला हलवून बघितलं असतं, मग ठेकेदाराला, मग सरकारला. माझी नात तोवर म्हातारी झाली असती."

नवसाबाईला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही. इतक्या वर्षांत तिला लोकांनी पुष्कळ काही सांगितलं होतं, गोड, शुद्ध, खालच्या आवाजात, आणि प्रत्येक वेळी ती बोलण्याच्या मागं काय आहे ते शोधत बसली होती. हे मात्र तिनं ऐकलं तसंच घेतलं.

"दिवे कोण बसवणार हाय, काही ठरलं का?" तिनं विचारलं.

"त्योच ठेकेदार, म्हणतात."

"हां," नवसाबाई म्हणाली, आणि छत्री कुठं ठेवलीय ते आठवू लागली.