बोटावरचा बांध

एक किस्सा सांगायला घेतला की त्याचे दोन होतात, दोनाचे चार. आमच्या लॅबमधले जीवाणूही दर वीस मिनिटांनी असेच दुप्पट व्हायचे. तेव्हा दोष माझा नाही, विषयाचाच गुण आहे! नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आम्ही सात जण मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होतो. पण माझ्या किश्शांत खरं तर दोघंच असतात. एक मी, उचगावचा चौगुले. दुसरा गडहिंग्लजचा बसवराज, ज्याच्यावर मी दोन वर्षं मनापासून जळलो.

जळायला कारण होतं. आमचा कोर्स संपताना कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे प्रॅक्टिकल शिकवणाऱ्याची, एकच जागा निघणार होती आणि आमची लॅब सांभाळणारे इंगळे सर ज्याचं नाव सुचवतील त्यालाच ती मिळणार, हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं होतं.

*

पहिलं प्रॅक्टिकल बोटाचं. काचेच्या चपट्या प्लेटमध्ये जेलीसारखा आगर ओतलेला असतो, तेच जीवाणूंचं जेवण. त्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट दाबायचं. मग हात धुवायचे आणि दुसऱ्या प्लेटवर पुन्हा दाबायचं.

मी साबण लावून खसाखसा हात धुतले, खिशातल्या रुमालानं पुसले. दुसऱ्या दिवशी बघतो तर धुण्याआधीपेक्षा धुतल्यानंतरचे जीवाणूंचे ठिपके दुप्पट!

सर म्हणाले, "पहिले तुमचे, नंतरचे रुमालाचे."

बसवराजची दुसरी प्लेट जवळजवळ कोरी. सरांनी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, "आमची अव्वा हात पुसू देत न्हाय सर. झटकायचं म्हंत्या." अव्वा म्हणजे त्याची आई.

मग सरांनी माझी प्लेट उजेडात धरली. लहानपणी वैरण कापताना त्या बोटावर विळा बसला होता. तो आडवा व्रण खोल आहे, आगरला टेकलाच नव्हता. वर ठिपके, खाली ठिपके आणि मधे मोकळी पट्टी.

"चौगुले, तुमच्या जीवाणूंच्या भावकीत वाटणी झालेली दिसती! मधनं बांध घातलाय की!"

सगळा वर्ग हसला. बसवराज सगळ्यात जास्त हसला. तेव्हापासून तो मला 'बांधवाला' म्हणायला लागला.

*

जीवाणू उचलायला तारेचा लूप असतो. तो बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा आणि मगच जीवाणूंत घालायचा. बसवराजच्या आधी आपलं काम झालं पाहिजे म्हणून मी तापलेला लूप तसाच घातला. चर्र् आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी माझी प्लेट आरशासारखी लख्ख. मी खूश. सर म्हणाले, "चौगुले, यांना वाढवायचं होतं. तुम्ही अंत्यविधी उरकला!"

शेजारी बसवराजच्या प्लेटवर जीवाणूंची एकेक वसाहत मोत्यासारखी सुटी.

*

एकदा भर दुपारी वीज गेली. जीवाणूंना ऊब देणारा इन्क्युबेटर बंद पडला आणि सगळे हात चोळत बसले. बसवराजनं आपल्या जीवाणूंच्या काचेच्या नळ्या मफलरमध्ये गुंडाळल्या, शर्टाच्या आत पोटाला बांधल्या आणि लेक्चरला जाऊन बसला.

"अंगात सदतीस डिग्री हायच की सर. विजंची वाट कशाला बघायची?"

सरांनी हा प्रसंग तीन वर्गांत सांगितला. मला ते सहन झालं नाही. पुढच्या वेळी वीज गेल्यावर मीही एक नळी शर्टात घातली आणि कागलला मावशीकडं निघालो. एस.टी.त उभा होतो, एका खड्ड्यात नळीचा कापसाचा बोळा निघाला. जीवाणू साधे, अपाय न करणारे, पण मूळचे आतड्यातले. वास लपतोय होय!

शेजारचे फेटेवाले आजोबा बराच वेळ नाक दाबून बसले. शेवटी न राहवून म्हणाले, "पावणं, जरा चप्पल उचलून बघा की. कशात तरी पाय पडलाय तुमचा!"

*

दह्यातले जीवाणू बघायला सरांनी सगळ्यांना घरचं दही आणायला सांगितलं. बसवराजनं गडहिंग्लजहून मडक्यात आणलं. सुरी लावली तर वडी पडावी असं. उरलेलं त्यानं मला दिलं, "आईला दे जा." आईनं त्याचंच विरजण लावलं आणि सकाळी मला हाक मारली.

"असलं दही आपल्या घरात कधी लागलं न्हवतं बघ! कुणाच्या घरचं रं? लई गुणाचं पोरगं असंल."

लॅबमध्ये जळत होतो ते जळत होतो, आता जेवायच्या ताटावरही जळायला लागलो. आई रोज त्यातलंच चमचाभर राखून पुढचं दही लावायची. त्याचे जीवाणू माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते.

*

शेवटची परीक्षा. तांबड्या आणि पांढऱ्या जीवाणूंचं मिश्रण दिलं होतं. त्यातले तांबडे वेगळे काढायचे आणि प्लेटवर त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसता कामा नये. सर म्हणाले होते, "ज्याची प्लेट शुद्ध, त्याचं नाव पुढं."

प्लेटा ठेवून सगळे चहाला गेले. मी वही विसरल्याचं निमित्त करून परतलो, बसवराजच्या प्लेटचं झाकण उचललं आणि कडेला बोट दाबलं. एवढंच. जागा मला हवीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या प्लेटवर कुंकवासारख्या तांबड्या रेघा होत्या. आणि कडेला पांढऱ्या ठिपक्यांचं एक बोट. वर ठिपके, खाली ठिपके, मधे मोकळी पट्टी.

मी उजवा हात खिशात घातला.

सर चष्मा पुसत म्हणाले, "बसवराज, हे काय?"

बसवराजनं प्लेट उजेडात धरली. मग म्हणाला, "माझंच बोट लागलं सर. झाकण लावताना."

जागा मला मिळाली. त्याला काही कळलं नाही म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं तो दुसऱ्या जिल्ह्यात प्राध्यापक झाला, हे कळल्यावर पुन्हा जळलो.

*

दोन हजार सालानंतर, मी त्याच लॅबमध्ये शिकवत असताना, परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून कोण यावं? बसवराज! कानाजवळचे केस पिकायला लागलेले, हातात दह्याचं मडकं.

"आईला दे. इरजण चालू हाय न्हवं अजून?"

"चालू हाय," मी म्हटलं.

परीक्षा झाली. मुलं टेबलं पुसत होती. एक प्लेट वापरायची राहिली होती. बसवराजनं ती उचलली, झाकण काढलं आणि आपलं बोट त्यावर दाबलं.

"चला, पहिल्या दिवसागत. तू बी लाव की."

मुलं कौतुकानं जवळ आली. मी हसत हसत डावा हात पुढं केला.

बसवराजनं प्लेट अलगद मागं घेतली.

"डावं न्हवं, चौगुल्या. बांधाचं दे की!"