आरशाची पाठ

"न्हाणीत लावू नका. आरशाची पाठ लई नाजूक असतीया."

आरसा कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देताना चाचा हे म्हणायचेच. गिऱ्हाईक तालमीतला पैलवान असो नाहीतर केशकर्तनालयाचा मालक, त्याला ते आरसा उलटा करून मागचा तांबडा रंग दाखवायचे. या रंगाला पाणी लागलं की तो पोपडे धरतो, मग आतला मुलामा सुटतो आणि आरशावर काळे डाग पडतात. हे सगळं ते इतक्या काळजीने सांगायचे की आपण आरसा विकत घेतलाय की दत्तक, असा प्रश्न पडावा.

मंगळवार पेठेत त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. खाली दुकान, वर माडीवर बिऱ्हाड. मी दोन घरं सोडून राहायचो आणि जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळेतला प्रत्येक निरोपसमारंभ त्यांच्या हातून चौकटीत जायचा, त्यामुळे माझं तिथे सारखं जाणं-येणं. असा एखादा दुकानदार तुमच्याही पेठेत असेल. काम पाच मिनिटांचं असतं आणि उठायला तास लागतो.

चाचींना अर्धांगाचा झटका आला ते ऐंशी सालच्या आगेमागे. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, समज मात्र पूर्वीइतकीच लख्ख राहिली, आणि हेच वाईट झालं असं मला कधी कधी वाटायचं. त्यांचं माहेर शाहूवाडीकडचं, रानात राबलेली बाई. ती आता कॉटवर पडून छताचे वासे मोजत होती. मूलबाळ नव्हतं. हळूहळू त्यांनी जेवण सोडलं. चाचा घास घेऊन बसायचे आणि त्या तोंड फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशात तरी गुंतवा, औषधाचं काम मी करतो.

चाचांनी काचेची टाकी केली. हातात काच आणि कापायला हिरा असलेला माणूस दुसरं काय करणार? लोखंडी पट्टीची चौकट, जाड काचा, सांध्यांना पुट्टी. कॉटच्या पायथ्याशी, चाचींच्या बरोबर नजरेसमोर ती ठेवली. मुंबईची फेरी करणाऱ्या एका ट्रकवाल्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन मासे आणून दिले. काळपट रंग, अंगावर नारिंगी ठिपके, लांबी दोन बोटं. त्यांना ऑस्कर म्हणतात एवढं त्याला ठाऊक होतं, ते केवढे होतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चाचींनी त्यांची नावं थोरला आणि धाकटा अशी ठेवली. हे मासे माणूस ओळखतात. चाचा आले की दोघे काचेला नाक लावून उभे राहायचे आणि गांडूळ पडलं की झडप घालायचे. ते बघताना एके दिवशी चाचींनी आपणहून तोंड उघडलं. तेव्हापासून रिवाजच पडला. आधी धाकट्याला घास, मग चाचींना. धाकट्याने खाल्लं की त्या खायच्या. एका महिन्यात त्यांच्या गालावर जरा मांस आलं आणि चाचा दुकानात शीळ घालायला लागले.

वर्षभरात मासे तळहाताएवढे झाले आणि भांडणं सुरू झाली.

थोरला कल्ले फुगवून अंगावर जायचा. जबड्यात जबडा अडकवून दोघे एकमेकांना ढकलत राहायचे. धाकट्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. तो हवेच्या नळीमागे कोपऱ्यात, फिकट पडून, जरासा तिरपा उभा राहायचा. गांडूळ समोर पडलं तरी पुढे यायचा नाही. मग चाचीही तोंड उघडायच्या नाहीत.

"जागा कमी पडतीया, दुसरं काय न्हाय," चाचा म्हणाले आणि कामाला लागले. टाकीत फुटकी मडकी टाकली, म्हणजे धाकट्याला लपायला घर झालं. थोरल्याने ते घरही बळकावलं. मग दोन टोकांना एकाच वेळी दोन हातांनी गांडुळं टाकून बघितलं. थोरला इकडचं गिळून तिकडचं हिसकवायला वेळेवर पोचायचा. मग दर रविवारी सगळे दगड उलटेपालटे करायचे. घर ओळखीचं राहिलं नाही की थोरला बावचळायचा आणि दोन दिवस शांततेत जायचे. तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा मालकी आठवायची.

चाचा खाली दुकानात असले की वर काय चाललंय ते त्यांना कळायचं नाही. चाची मात्र दिवसभर ते बघत पडलेल्या. उठून काचेवर टिचकी मारावी एवढंही त्यांच्या हातात नव्हतं. मग चाचांनी माडीच्या फळ्यांतून दोरी खाली सोडली आणि टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. दोरीचं वरचं टोक चाचींच्या उजव्या हातात. मारामारी लागली की चाची दोरी ओढायच्या, आणि चाचा हातातला खिळा, हातोडी, गिऱ्हाईक, जे असेल ते तिथेच टाकून जिना चढायचे. काचेवर दोनदा टिचकी मारायचे, थोरल्याला दोन शब्द सुनवायचे आणि धापा टाकत खाली यायचे. साठीचा माणूस, दिवसातून वीस-वीस वेळा. पेठेतल्या लोकांना सवय झाली. घंटा वाजली की गिऱ्हाईकच म्हणायचं, "जावा चाचा, कुस्ती लागली."

शेवटी त्यांनी टाकीच्या मधोमध काच बसवली. काम अगदी देखणं झालं होतं, कुठे फट नाही, कड घासून गुळगुळीत. आता कोणी कोणाच्या अंगाला लागणार नव्हतं. मी मनापासून शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी चाचींनी सांगितलं, काच काढा.

"का गं? सुखात हाय की त्यो," चाचा म्हणाले.

चाचींनी बराच वेळ शब्द जुळवले. "त्याला बी माझ्यागत केलासा."

चाचांनी बाह्या वर केल्या आणि माझ्यादेखत ती काच उपसून काढली. 

यापुढचं सांगायला मला आजही जड जातं, कारण आरशाची कल्पना माझी. असे मासे आपल्या प्रतिबिंबाशी भांडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी रुबाबात सांगितलं, थोरल्याला आरसा द्या, तो स्वतःशीच लढत बसेल आणि धाकटा सुटेल. चाचांनी आधी टाकीच्या बाहेरून आरसा टेकवला. जाड काचेतून प्रतिमा पुसट दिसायची, थोरल्याने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग आरसा आत सोडला. कडांना पुट्टी भरली, पाठीवर रंगाचा एक हात जादा दिला. तीस वर्षं पेठेला आरशाची पाठ उलगडून दाखवणारा हा माणूस आणि दर आठवड्याला ती ऐकणारा मी, दोघांनी मिळून तो आरसा पाण्यात उभा केला. एवढ्याने पाठ टिकेल, असं दोघांनीही मानून टाकलं. आम्हाला फक्त धाकटा दिसत होता.

दहा दिवस फार सुखाचे गेले. थोरला सकाळपासून आरशापुढे कल्ले फुगवून धडका द्यायचा आणि संध्याकाळी दमून तळाशी बसायचा. धाकटा कोपऱ्यातून बाहेर आला. रंग परत आला, शेपटी भरायला लागली. समोर पडेल ते अधाशासारखा गिळायचा, उपाशीच होता बिचारा. चाची एकदा अख्खी अर्धी भाकरी जेवल्या. चाचांनी मला दुकानातून हाक मारून वर नेलं आणि ते रिकामं ताट दाखवलं. बक्षीस मिळाल्यासारखा मी घरी आलो.

अकराव्या दिवशी दुपारी घंटा वाजली ती थांबेचना. मीही चाचांच्या मागोमाग जिना चढलो. थोरल्याच्या धडकांनी पुट्टी निसटली होती. आरशाच्या मागून तांबडे पोपडे सुटून पाण्यात तरंगत खाली येत होते, आणि धाकटा आवडीने ते एकेक गिळत होता. चाची डोळे फाडून दोरी ओढत होत्या. त्यांनी ते पहिल्या पोपड्यापासून बघितलं होतं.

चाचांनी आरसा बाहेर काढून फेकला. आम्ही बादल्यांनी पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. धाकटा नळीमागे जाऊन आडवा झाला. मी विज्ञानाचा शिक्षक, मला एक उपाय सुचला नाही. कल्ले हलायचे थांबले तेव्हा आम्ही तिघेही तिकडेच बघत होतो. आता चाची रडतील, या तयारीने चाचांनी त्यांचा हात धरला.

चाची रडल्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा शब्द कधी नव्हे इतका स्पष्ट आला.

"बरं झालं. सुटला."

चाचांचा चेहरा मी पाहिला आणि खाली मान घातली. हे कोणाबद्दल बोलणं चाललंय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

जिन्यात मी त्यांना म्हणालो, चाचा, हे माझ्यामुळे झालं. ते थांबले. "न्हाय मास्तर. तुमी पुस्तकातलं सांगितलासा. आरशाचं मला ठावं हुतं." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

थोरल्याला एका हॉटेलवाल्याने नेलं. टाकी माडीवरून गेली. चाचा दुसरे मासे आणतो म्हणाले, पोपट आणतो म्हणाले, चाचींनी उजवा हात हलवून नको सांगितलं. जेवण पुन्हा घोटभर पेजेवर आलं. मी आठवडाभर तिकडे फिरकलो नाही, तोंड कुठलं दाखवणार? मग एका सकाळी न राहवून गेलो. दुकान अर्धं उघडं आणि आत कोणीच नाही, म्हणून जिना चढलो.

चाचांनी कॉट फिरवून रस्त्याकडच्या खिडकीला लावली होती. चाची डोळे मिटून पडल्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या, पापण्या घट्ट दाबलेल्या होत्या. चाचा शेजारी स्टुलावर बसून, पेजेची वाटी हातात धरून, बाहेर बघत बोलत होते. "बरफवाला आला. थांबला. पोरी शाळंला निघाल्या, दोन... न्हाय, तीन हाईत." एक एक वाक्य झालं की चमचा ओठांपाशी न्यायचे, जरा थांबायचे आणि परत वाटीत ठेवायचे. मी दारात उभा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आवाज न करता खाली उतरलो.

रस्त्यावर आलो तोच वरून ऐकू आलं, "मास्तर निघाले."

माझं घर दोन दारांवर होतं. वीस पावलांत मी दिसेनासा झालो असतो आणि चाचांजवळचं सांगण्यासारखं संपलं असतं. मी भर रस्त्यात खाली बसलो आणि धड असलेल्या चपलेचा अंगठा ओढून बघायला लागलो.

"मास्तर बसले," वरून चाचा म्हणाले. "चप्पल तुटली वाटतं. बघ की गं."

मी वर मान केली नाही. शाळेची घंटा होऊन गेली तरी बराच वेळ ती चप्पल नीट करत राहिलो.