आंबील की गोळी

मुलगी बारावीत असताना तिला संडासातून रक्त पडू लागलं. आधी यजमान ओमती चौकातल्या औषधाच्या दुकानातून ‘पेचिश की गोली’, म्हणजे आवेची गोळी, आणायचे. दोन दिवस बरं, की पुन्हा तेच. शेवटी दवाखान्यात दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार मुळातून जात नाही, पण दाबून ठेवता येतो. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी.

मी चौथी शिकलेली. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यात इकडे सगळा कारभार हिंदीत. तरी त्या दिवशी मी विचारलं, “पेट में कीड़ा है क्या?”

“कीड़ा नहीं. दही जमाती हो ना?” त्या म्हणाल्या. विरजणात असतात तसे जंतू आपल्या आतड्यातही असंख्य राहतात, बरेचसे कामाचे. या आजारात त्यांची घडी विस्कटलेली दिसते आणि शरीर आपल्याच आतड्याशी भांडत बसतं. दुकानातून मनानं जंतू मारायच्या गोळ्या आणू नका, त्यानं कामाचेही मरतात.

“मग जंतू बिघडले म्हणून आजार झाला, की आजारानं जंतू बिघडले?” हे मी मराठीतच बोलून गेले. मुलीनं हिंदीत सांगितलं.

“यही तो अभी पक्का पता नहीं.”

माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथंच.

विरजणाची गोष्ट मी जाऊबाईंना सांगितली. त्या शहराबाहेर खमरियाला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात, थोरल्या म्हणून महालक्ष्म्या त्यांच्याकडेच बसतात. त्यांना गोष्ट फारच पटली. “मग इतकी महागाची गोळी काहून? आपली आंबील तेच तर आहे! ज्वारीचं पीठ ताकात आंबवलं, झालं औषध.”

तोवर मुलगी चांगली बरी होती, कॉलेजात जात होती. महालक्ष्म्यांच्या सजावटीसाठी ती पंधरा दिवस आधीच खमरियाला, तिच्या मोठ्या आईकडे गेली. पूजेच्या दिवशी मी पोचले तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती पुन्हा पुन्हा संडासात जात होती. मी तिला मागच्या अंगणात नेलं.

“थोडंसंच रक्त आहे, आई.”

“आणि गोळी?”

ती खाली पाहू लागली. “बंद केली. मोठी आई रोज सकाळी आंबील देते. मी बरीच होते ना!”

मी स्वयंपाकघरात गेले. सोळा भाज्यांचा पसारा, पाच-सहा बायका, जाऊबाई आंबील ढवळत होत्या.

“ताई, हिला मी डॉक्टरकडे नेते. रक्त पडून राहिलं.”

“हळू बोल! देवीच्या घरात रक्ताचं नाव घेऊन राहिली?” त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. “आज आंबिलीचा नैवेद्य आहे, तो पोटात गेला की होते बरं.”

“इतके दिवस ती गोळीनं बरी होती, ताई.”

“अगं बाई! चौथी पास डॉक्टरीण आली आपल्याकडे. माझीही नाडी पाहून दे.”

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. एरवी मी खाली मान घालून कांदा चिरायला बसले असते.

“मी आंबिलीला नाव ठेवत नाही,” मी म्हटलं. “तुमच्या हातासारखी मला जमतही नाही. पण जे डॉक्टरलाही अजून पक्कं माहीत नाही, ते माझ्या पोरीच्या पोटात करून पाहायचं नाही.”

“देवीच्या जेवणावरून उठून चालली?”

“हो.”

मी देवीपुढे हात जोडले, मुलीचा हात धरला आणि रस्त्यावर येऊन ऑटो थांबवला.

डॉक्टरीणबाई रागावल्या. गोळ्या वाढवल्या, बरोबर संडासाच्या जागेतून आत घालायचं औषधही दिलं. मी आंबिलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी ती कशी करतात ते विचारून घेतलं.

“आंबवून मग शिजवता? अच्छा. फिर ज़िंदा कीटाणु बचे कहाँ?”

जन्मभर आंबील घोटली, पण शिजवताना जंतू मरतात हे डोक्यात आलं नव्हतं. मानवत असेल तर खाऊ दे, त्या म्हणाल्या, पण गोळीच्या जागी नाही. मुलगी बाहेर आल्यावर हसायला लागली. “आई, मोठ्या आईला हे तू सांग. माझी हिंमत नाही.”

मी सांगितलं, फोनवर. मग जाऊबाईंनी विचारलं, “पोरगी काही खाऊन राहिली का?” दुसरं काही नाही.

रक्त थांबायला बरेच आठवडे लागले. आता रोज सकाळी कॉलेजला निघताना ती कुरकुरते, “अजून किती वर्षं?”

“मला माहीत नाही. डॉक्टरलाही नाही. घे.”

ती गोळी गिळते. ग्लास रिकामा होईपर्यंत मी दारातून हलत नाही.