उंबरठ्यावरचा वरवंटा

ज्याने घडवले, त्याला आपले लेकरू ओळखायला अंगठा मागावा लागत नाही. हाक आली की तो वळतो. पण सज्जनहो, ठाकुर्लीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरचे ते दार माणसाने घडवलेले होते. ते अंगठा मागत असे, आणि रंगूबाईचा अंगठा त्याला पटत नसे.

रंगूबाईचा संसार मोहने गावच्या चाळीत झाला. चार घरची भांडी तिने राखेने नि काथ्याने घासली, आणि घासता घासता नाम घेतले. दिवेलागणीला उंबरठ्यावर पणती ठेवायची आणि दार उघडे ठेवायचे, हा तिचा नेम. लक्ष्मी येण्याची वेळ. तेव्हा दार लावून बसणे म्हणजे पाहुण्याला वाटेतूनच परतवणे.

गुडघे दुखू लागले तेव्हा मुलगा सूरज तिला आपल्या नव्या घरी घेऊन आला. पहिल्याच संध्याकाळी तिने पणती बाहेर ठेवली, हात जोडले, आणि पाठीमागे दार आपोआप लागले. सकाळी सूरजने कुलपात नोंदवून दिलेला अंगठा तिने टेकवला. तांबडा दिवा. मग एकेक बोट टेकवले. तांबडा दिवा. घाबरण्याऐवजी तिला नवल वाटले: हे पाहते तरी कशाने?

सूरज कामावरून आला तेव्हा आई पायरीवर बसून पणतीला वाऱ्यापासून जपत होती.

"आई, बोट पुसून लावायचं ना."

"पुसलं रे. दहाही दाखवली. तुझं दार नाही म्हणालं."

सूरजने आईची बोटे उजेडात धरली. रेषा झिजून गेल्या होत्या. ज्या घासण्यावर तो शिकला, त्याच घासण्यात त्या गेल्या होत्या. हे कुलूप फोननेही उघडत असे, म्हणून त्याने आपला जुना मोबाईल तिला दिला. पण कुलपाच्या कंपनीचे ॲप म्हणाले, हा फोन फार जुना, चालणार नाही.

"आणि मी?" रंगूबाईने हसत विचारले. "मी चालेन का, ते विचार."

दुसऱ्या संध्याकाळी तिने आपला उपाय केला. मोहन्याहून आणलेला वरवंटा उंबरठ्यात आडवा घातला. दार उघडे, पणती तेवती, मन निवांत. इतक्यात तिचा बटणांचा फोन वाजला. सून अमृता खोपट भागातल्या ऑफिसातून बोलत होती.

"आई, दार उघडं राहिलंय का?"

"राहिलं नाही गं, ठेवलंय. पण तुला तिथं बसून कसं कळलं?"

"फोनवर आलं. दारच कळवतं."

"अगंबाई. मला ओळखत नाही, आणि चुगली तेवढी माझी करतं होय?"

अमृताला हसू आले. पण रोज त्याच वेळी मोबाईल कोकलू लागला, साहेबांसमोर कोकलला, तेव्हा हसू आटले. "आई, पणती आत लावली तर नाही का चालणार?" तिने घरी येऊन विचारले.

रंगूबाईने वरवंटा धुऊन पिशवीत ठेवला. "नको गं, तुझी नोकरी आहे. मोहन्याची खोली अजून आहे. तिथलं दार माझं ऐकतं. मी जाऊन राहते."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणे दोघांना लागले. सूरजने लगेच कंपनीला फोन लावला. दुसऱ्या बनावटीचे कुलूप बसवता येईल का? येईल, पलीकडून उत्तर आले. मात्र दिवे, घंटा आणि कॅमेरा त्याच्याशी बोलणार नाहीत. त्यांना आमचेच कुलूप लागते.

"म्हणजे सोयरीक त्यांच्याच घरात करायची," रंगूबाई म्हणाली. "बाहेरची सून चालत नाही."

"बाहेरची सून इथं बसलीय, आई," अमृता म्हणाली. मग तिने पिशवीतला वरवंटा काढून पुन्हा ओट्यावर ठेवला. "सूरज, रविवारी मिस्त्रीला बोलव. साधी कडी नि चावीचं कुलूप. दिवे मी हाताने लावीन."

सोमवारी अमृता परतली. एरवी ती आली की दिवाणखाना आपण होऊन उजळत असे. आज आत काळोख होता. सवयीने तिने अंगठा पुढे केला, पण टेकवायला जागाच नव्हती. दार सताड उघडे होते. उंबरठ्यावर पणती होती, आणि पणतीशेजारी पदराच्या टोकाला चावी बांधून सासू बसली होती. अमृताही तिच्याजवळ टेकली.

"आता त्या कंपनीला कळत नाही ना, आपण आत की बाहेर?" सासूने विचारले.

"आता नाही कळत. आधीचं मात्र सगळं आहे त्यांच्याकडे. कधी गेलो, कधी आलो."

"सांभाळून ठेवलंय?"

"ठेवलं असेल."

"कशाला गं?"

अमृतालाही प्रथमच नवल वाटले. तिने वात थोडी पुढे सारली, आणि दोघी त्या उजेडात विचार करीत बसल्या.