धुळ्याची गोळी

डोकं दुखणं म्हणजे काय, हे ज्याचं दुखत नाही त्याला सांगण्यात अर्थ नसतो. "चहा घे, बरं वाटेल," म्हणतात. अरे बाबांनो, त्या दिवशी मला चहाच्या नुसत्या वासानं उलटी होते! माझी अर्धशिशी लग्नाआधीपासूनची. उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला की फळ्यावरची अर्धी अक्षरं मला दिसेनाशी व्हायची. जळगावच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात शिकवायचं, वर हे दुखणं. शाळेतली पोरं एकमेकांना सांगायची, "आज बाईंचं डोकं आहे रे," म्हणजे गप बसा. मी मारत नव्हते, पण तोंड फार सुटायचं माझं.

जळगावातले सगळे दवाखाने पालथे घालून झाले. कपाळाला लेप झाले, नाकात तूप झालं, सासूबाईंनी दृष्टही काढली. नवरा केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम करतो, सावदा-फैजपूरकडे त्याचं रोजचं जाणं. तिकडेच कोणाकडून तरी त्यानं ऐकलं, की धुळ्याला एका दवाखान्यात अर्धशिशीच्या नव्या गोळीची ट्रायल चालली आहे. आम्ही एसटीनं गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. काही जणांना खरी गोळी, काही जणांना नुसती पिठाची, त्यात औषध नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. कोणाला कोणती मिळाली ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही, सगळं संपेपर्यंत. मग म्हणाले, गोळी चालू असेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. सिस्टरनं निरोधची पाकिटं पुढे केली. नवऱ्याचे कान लाल झाले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

हसू नाही येणार तर काय होईल? लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवस झाले, तपासण्या झाल्या, पुण्याचा मोठा डॉक्टर झाला. गल्लीतल्या बायका ओटी भरायची वेळ आली की माझ्याकडे पाठ करायच्या. आणि हे लोक आम्हाला सांगतात, सांभाळून राहा! "सिस्टर, तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हटलं. सिस्टर हसली नाही. "ताई, मनावर घ्या," म्हणाली. आम्ही नाही घेतलं. हा नियम लेकुरवाळ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असंच धरून चाललो. पाकिटं कपाटात साड्यांखाली गेली ती तिथंच राहिली.

गोळी लागू पडली. म्हणजे मला तरी तसं वाटलं. मिरचीची फोडणी बसली तरी डोकं उठेना. उन्हातून घरी आले तरी काही नाही. मी माणसासारखी बोलायला लागले, असं नवरा म्हणाला. दर महिन्याला धुळ्याला जायचं, रक्त द्यायचं, लघवी तपासायची, पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सिस्टर लघवीची पट्टी घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आली तेव्हा मागून डॉक्टर होते. त्यांनी दार लावून घेतलं, आणि दार लावलं तेव्हाच मला समजलं.

पट्टीवर दोन रेघा होत्या. त्या दुसऱ्या रेघेसाठी सहा वर्षं मी न्हाणीघरात उभ्या उभ्या रडले होते. आता ती समोर होती. आनंद झाला की नाही? झाला असेल. पण भीतीनं त्याला आत शिरूच दिलं नाही.

"बाळाला काही होईल का?" मी विचारलं.

"आजपासून गोळी बंद," डॉक्टर म्हणाले. "प्राण्यांवर तपासली, तेव्हा काही वावगं दिसलं नाही. पण गरोदर बायकांबद्दल आमच्याकडे माहिती फार थोडी आहे. तुम्हाला खोटा धीर नाही देणार."

"मी घेत होते ती खरी होती की पिठाची?"

"मलाही माहीत नाही."

"मग बघा ना! कुठंतरी लिहिलेलं असेलच की!"

त्यांनी शांतपणे सांगितलं, की ते गुपित उपचारात फरक पडणार असेल तरच फोडतात. गोळी थांबलीच होती. खरी असो, पिठाची असो, पुढे करायचं एकच, सोनोग्राफी आणि तपासण्या. मूल ठेवायचं की नाही, हा निर्णय तुमचा, तेही त्यांनी सांगितलं. मी खूप बोलले त्यांना. माणूस ऐकून घेत होता, म्हणून मला आणखी राग येत होता.

परतीच्या एसटीत पारोळा आलं. नवरा हळूच म्हणाला, "ठेवायचं ना?" मी त्याच्या अंगावर ओरडले, "मग काय टाकायचं?" पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि घर येईपर्यंत काढला नाही. घरी दिवस गेल्याचं सांगायचं, गोळीचं भय सांगायचं नाही, एवढं आमचं ठरलं. सासूबाईंच्या जिवाला कशाला घोर?

इथंच आमचं गणित फसलं. सासूबाईंनी बोटं मोडली, माझ्यावरून तांदूळ ओवाळले आणि सरळ म्हणाल्या, "त्या धुयानी गोळीनाच गुण शे!" सहा वर्षं काही नाही, गोळी सुरू केली आणि दिवस गेले, मग गुण दुसऱ्या कशाचा असणार? त्यांना ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी ते गल्लीलाही स्वच्छ झालं.

बायका यायला लागल्या. पाठ करणाऱ्याच बायका, आता पेढे घेऊन. कोणाची सून, कोणाची भाची. "बाई, नाव तरी सांग गोळीचं." मी म्हणायचे, ती डोकेदुखीची आहे, पोटासाठी नाही. त्या एकमेकींकडे बघायच्या. हिला दिवस गेले आणि आता वाट सांगत नाही म्हणायच्या, आपलं ते आपलं. उरलेल्या गोळ्या मी धुळ्यालाच परत केल्या होत्या, देव पावला म्हणायचं. एका दुपारी कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आली. कोवळी पोरगी, खाली मान घालून उभी. सासूबाई आतून म्हणाल्या, "दी टाक ना वं एखादी, काय जास तुनं?"

माझा तोल सुटला. "ती गोळी विष असेल तर?" मी किंचाळले. "माझ्या पोटातलं लुळं निघालं तर? आंधळं निघालं तर? कोणाला काही माहीत नाही, त्या डॉक्टरालासुद्धा नाही! आणि तुम्ही वाटायला निघालात!"

म्हातारी सुनेला ओढत निघून गेली. सासूबाई दारातच बसल्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "माले पयले का बरं नही सांगं तू?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात भिणारे आम्ही तिघं झालो. सासूबाईंनी पेढ्यांचा डबा शेजारी देऊन टाकला. मी जिन्यावरून उतरले तरी त्या श्वास धरून बघायच्या.

मी आपली हिशेब मांडत होते. गोळी थांबल्यावर डोकं परत उठलं, तर ती खरी होती. नाही उठलं, तर पिठाची. मी रोज दुपारी अंथरुणावर पडून वाट बघायचे. डोकं उठलंच नाही. पंधरा-वीस दिवस मी हलकी झाले, गुणगुणतसुद्धा होते. मग इथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, "दिवस असले की अर्धशिशी बऱ्याच जणींची थांबतेच हो." म्हणजे माझा हिशेब पाण्यात. ज्या दुखण्याला जन्मभर शिव्या घातल्या, ते नाही म्हणूनही भ्यायची पाळी आली.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी. थंड लेप, अंधारी खोली. डॉक्टरीणबाई बाळाच्या डोक्याचं माप घेत होत्या आणि बोलत नव्हत्या. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. "बाई, काय झालं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हलतंय हो फार," त्या म्हणाल्या. मग मणका, हृदय, ओठ. "दिसतंय तेवढं सगळं ठीक आहे." मी त्यातला 'तेवढं' घेऊन घरी आले. बाकीचे महिने मी त्या एका शब्दासोबत काढले.

मुलगी झाली. सिस्टर म्हणाली, "लक्ष्मी आली," आणि मी ओरडले, "बोटं मोजा!" त्यांनी मोजली. डोळ्यांवर उजेड धरला, पाय ताणले, पाठ बघितली. डॉक्टर म्हणाले चांगली आहे. सासूबाईंनी स्वतः पुन्हा मोजली, कोणावर विश्वास नाही म्हणून. धुळ्याचे लोकही येऊन बघून गेले, वजन लिहून नेलं. माझी अर्धशिशी आठवड्यात परत आली. पोरीला छातीशी धरून, डोळे मिटून मी पडून राहायचे. मिटल्या डोळ्यांमागेही तेच, ही मान कधी धरेल, नजर कधी फिरवेल.

मुलगी रांगायला लागली होती तेव्हा धुळ्याच्या सिस्टरचा फोन आला. अभ्यास संपला, कोणाला काय दिलं ते उघडलं. "ताई, तुमची खरी होती."

पोर समोर होती. धडधाकट, वरणाची वाटी डोक्यावर पालथी घालून बसलेली. तरी मी भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या महिन्यांची भीती पुन्हा पहिल्यापासून अंगावर आली.

"अजून एक होतं," सिस्टर चाचरत म्हणाली. "त्याच गोळीचा नवा अभ्यास सुरू झालाय. इथं एक ताई बसल्या आहेत. त्यांनाही दिवस गेलेत. आम्ही सांगतो ते त्यांच्या डोक्यात शिरत नाही, नुसत्या थरथरतायत. तुमचं नाव नाही सांगितलं. बोलाल का?"

मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. पलीकडे फोन हातात घेतल्याचं कळलं. नुसता श्वास. मग बारीक आवाज आला, आमच्याच बोलीतला, "ताई, तुमनं लेकरू कसं शे?"

तुझंही चांगलं निघेल, असं जिभेवर आलं होतं. पण मला ते काय ठाऊक? माझ्या एका पोरीवरून तिच्या पोटातल्याचं मी कसं सांगू? तेवढ्यात पोरीनं वाटी आपटली, मी ती हिसकावून घेतली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं.

"मनी पोर शे ना ती," मी म्हटलं. "रडी राहिनी. आयक."

आणि फोन पोरीच्या तोंडाजवळ धरला. त्या बाईनं फोन ठेवला नाही. माझा हात भरून आला तरी मी तो तसाच धरून बसले.