पैलवानाच्या वाट्याचं दूध

मी नवरी होऊन घाटंजीकडच्या त्या गावात आले तेव्हा आमच्या घरात खुंटीला चांदीची कडी टांगलेली होती आणि खालच्या डब्यात तिखट नव्हतं. कडी नवऱ्यानं कुस्त्यांत जिंकलेली. माझा बाप स्थळ पाहून परतला तो म्हणाला, "भिताडावर चांदी लटकून राह्यली बाप्पा त्यायच्या घरी!" ते ऐकून मी तिथल्या तिथं होकार दिला. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी दिला. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. अक्कल यायची होती, पण तेव्हा वाटायचं आलेलीच आहे.

कडी विकायची सोय नाही, हे मला नंतर कळलं. ती गावाची इज्जत होती. सासूबाई एकदा एक कडं पदराखाली घेऊन सोनाराकडे निघाल्या, तर वेशीजवळच्या घरची बुढी ओट्यावरूनच ओरडली, "पैलवानाचं कडं कुठं नेऊन राह्यली व?" सासूबाई गडबडून म्हणाल्या, "उजळाले!" मग ते खरोखरच उजळून आणावं लागलं. विकायला नेलेलं कडं चकचकीत होऊन परत खुंटीला, आणि उजळणावळ अंगावर.

इनामाची रोकड मिळायची, पण ती वाटेतच विरघळायची. डफवाल्यांना बक्षीस, उस्तादांना फेटा, गावाला बुंदी. नवरा हरून आला की घरात उपास आणि जिंकून आला की उधारी. मला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. जत्रेतल्या मिरवणुकीत त्याच्या मागे कोणतं लुगडं नेसून चालायचं, हेच माझ्या डोक्यात.

पैलवानाचा खुराक गावाकडे होता. घरांनी वार वाटून घेतले होते. रोज एका घरचा दुधाचा गडू यायचा, आणि आणणारी बाई गडू रिकामा होईपर्यंत आखाड्याच्या दारात ठाण मांडून बसायची. वेशीजवळच्या बुढीचा वार असला की ती गडूत डोकावून तळसुद्धा पाहून घ्यायची.

दुसरा नियम माझ्यासाठी होता. हंगाम संपेपर्यंत पैलवानानं बायकोजवळ यायचं नाही, आखाड्यातच झोपायचं. उस्ताद म्हणजे गावात सायकली दुरुस्त करणारे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, आवाज मात्र ढोलासारखा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बेटी, जत्रा होने तक ये मेरा, बाद में तेरा." मीही अशी मान हलवली, जशी काही नवऱ्याला लढाईवर धाडणारी राणीच. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, ते सोडा.

इतकं करूनही लग्नानंतरची पहिलीच मोठी कुस्ती तो दारव्ह्याला हरला. कारण गावाकडे तयार होतं. "सून आली अन् पैलवानाचा जोर गेला." ज्या नवऱ्याशी मी धड बोललेही नव्हते, त्याचा जोर माझ्या नावावर जमा!

एक दिवस दुपारी मी भाकर घेऊन आखाड्याकडे गेले. मागच्या बाभळीखाली नवरा ओणवा होऊन ओकत होता. नुकतंच प्यायलेलं दूध मातीत. मी शहाणी धावत घरी गेले, शेजारून मिरच्या उसन्या आणल्या आणि तिथेच त्याची दृष्ट काढली. मिरच्या पेटवल्यावर त्याला असा ठसका लागला की उरलंसुरलं दूधही बाहेर.

"दृष्ट नाई लागली व," तो डोळे पुसत म्हणाला. "मले भेव लागते."

"कोनाचं?"

"गडूचं."

मी हसले. एवढा बैलासारखा माणूस आणि गडूला भितो! पण तो काही हसला नाही.

"गडू तोंडाले लावला का त्या बुढीचं तोंड दिसते. हरून आलो तं म्हने, 'नातवाच्या तोंडचं काढून तुले पाजलं रे बापा.' तवापासून डोळा नाई लागत. लंगोट बांधतो तं हात थंडे पडते. समोरचा पैलवान तं दिसतच नाई मले, साऱ्या गावच्या म्हशी दिसते."

त्यानं हात पुढे केला. भर उन्हात तो विहिरीतल्या पाण्यासारखा गार होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यातलं लुगडं गळून पडलं.

"मंग कराचं काय?"

"घाटंजीले कापसाच्या जिनात गठानी उचलाले मानसं पाह्यजे. हप्त्याच्या हप्त्याले पगार. गठान कोनाले पाडत नाई, अन् बुंदी मांगत नाई."

"मंग जा ना!"

"कसा जाऊ? गाव म्हनन, आमचं दूध पेला अन् हमाल झाला. जत्रा तोंडावर आली. भेतो म्हनून सांगू का? पैलवान कधी भेते का?"

मी सासूबाईंच्या कानावर घालून पाहिलं. त्या म्हणाल्या, "उचकी लागली असन, गूळ दे." गूळही नव्हता.

मग मी विचार केला. नवऱ्याचा जोर मी घालवला, असं गाव म्हणतंच आहे. बदनामी फुकट कशाला वाया घालवायची?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी तिथल्या चिंचेचा हिरवा आकडा तोडला आणि कुणाकडे न पाहता कचाकचा खाऊ लागले. बायकांच्या बादल्या अर्ध्यातच थांबल्या.

वेशीजवळची बुढी पुढे आली. "काहून व? चिंच?"

मी पदर ओढून घेतला. "काई नाई मामी. मन होते."

एक अक्षर खोटं बोलले नाही. मला चिंच आवडतेच.

भाकरी भाजून होईपर्यंत बातमी आखाड्यात पोचली. पैलवान रात्री भिंतीवरून उडी मारून घरी जातो! लंगोटाचा कच्चा निघाला! मी धापा टाकत गेले तर गाव जमलेलं आणि मधोमध नवरा, तोंड उघडं. त्या बिचाऱ्यानं भिंतीकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"सच बोल," उस्ताद गरजले. "दीवार फाँदी तूने?"

नवऱ्यानं गर्दीतून मला शोधलं. मी मान हलवली, जोरात, वरखाली.

"हो, उस्ताद," तो म्हणाला. कुणी न पाडता चितपट झालेला मी पाहिलेला तो एकटाच पैलवान.

उस्तादांनी हात उगारला. पण तो हात खाली आला आणि नवऱ्याचा हात धरून राहिला. तो गार पंजा उस्तादांनी बराच वेळ आपल्या दोन्ही हातांत ठेवला. मग हळूच म्हणाले, "जा बेटा. अब घर जा के सो जा."

माझ्या कपाळाला यायच्या त्या शिव्या आल्या. सासूबाईंनी दोन दिवस बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच मला चिंच आणून दिली. नवरा घरी येऊन असा घोरला की शेजारची बकरी दावं तोडून पळाली. पुढच्याच आठवड्यापासून तो जिनात जाऊ लागला. पगाराच्या दिवशी पहिल्यांदा विकतचं तिखट आणलं, आणि सासूबाईंनी भाजीत इतकं घातलं की आम्ही तिघंही रडत रडत जेवलो.

इथवर माझी अक्कल बरोबर होती. पुढचं तिला दिसलं नव्हतं.

एक दिवस सकाळी दारात बुढी उभी. हातात गडू.

"घे व. दोन जीवाची हायस."

"मामी, मले नको..."

"पे. मी बसतो इथंच."

मग वार लागले. आज हिचा गडू, उद्या तिचा. माझ्या पोटात चिंचेशिवाय काही नाही, आणि उंबऱ्यात बसलेली बाई माझ्या पोटाकडे टक लावून! माझी झोप उडाली. गडू तोंडाला लावून मी तसाच खाली ठेवायची. नवरा केसांत कापूस घेऊन कामावरून आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "काय दिसते?"

"म्हशी," मी म्हणाले.

तेव्हा मात्र तो हसला, अगदी पोट धरून.

देवाच्या कृपेनं आणि नवऱ्याला मिळालेल्या मोकळिकीनं पुढे मुलगी झाली, पण गावाच्या हिशेबापेक्षा बरीच उशिरा. मी घाबरून कारणं जुळवत बसले होते. बुढीनंच सोडवलं. "पैलवानाचं लेकरू हाय बाप्पा, पिकाले टाइम लागनच!"

मग तिनं लेकीचा इवलासा दंड चिमटीत धरून दाबून पाहिला आणि डोळे बारीक केले.

"जोर हाय व पोट्टीच्या अंगात. उद्यापासून इच्यासाठी एक गडू..."

"नको!" मी आणि नवरा एकदम ओरडलो. लेक दचकून रडायला लागली.